थोडं अंग भरू दे

आत्या, आधी तक्रार ऐक. रडायचं ते रडून झालंय, आता स्पष्ट बोलतो. माणसानं जायचं तर जावं, पण चालू भांडण टाकून जाऊ नये. तू जेवलीस, स्वतःचं ताट विसळून ठेवलंस, आईला म्हणालीस, "वहिनी, जरा पाठ टेकते," आणि चहाच्या वेळेला मी हाक मारायला आलो तर तू गेलेली. त्याच दिवशी सकाळी तू मला म्हणाली होतीस, "संध्याकाळी बोलू. आत्ता माझं डोकं नको खाऊस." ती संध्याकाळ राहिली ना, बाई.

भेटायला माणसं येतात. तुझ्या शाळेतल्या बाया येतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, "बेबी मैडम कितनी शांत थीं." मी मान हलवतो. शांत! ही कोण बेबी मैडम, मला एकदा भेटायचंय त्यांना. शाळेत तू गृहविज्ञान शिकवायचीस, फळ्यावर संतुलित आहाराचा तक्ता काढायचीस, तिथं शांत असशील. घरी तुझा आवाज गल्लीच्या टोकाला गणपतीच्या देवळात जायचा. बाबांची थोरली बहीण, लग्न केलं नाहीस, बाबा गेल्यावर हे घर तूच हाकलंस, आणि सत्तरी ओलांडली तरी घरादारात नाव बेबीच. माझ्याशी मात्र तुझं उभ्या आयुष्यात एकच भांडण झालं. ते आपण हप्त्याहप्त्यानं पस्तीस वर्षं पुरवलं.

माझं प्रेशर उतरलं की नाही, हे ते भांडण.

मी अकरा वर्षांचा होतो. तुझ्या शाळेत शिक्षकांच्या तपासणीचं शिबिर होतं आणि आईला ताप होता म्हणून तू मला सोबत नेलं होतंस. तुझं झालं. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "आओ पहलवान, तुम्हारा भी देख लें." पहलवान म्हणजे मी, शर्टातूनही बरगड्या दिसायच्या असा. त्यांनी हाताला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि हसायचे थांबले. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या हाताला. तू म्हणालीस, "सर, मशीन खराब होगी." त्यांनी तोच पट्टा तुझ्या हाताला बांधला. तुझं एकदम बरोबर. मशीन ठीक आहे हे कळल्यावर तू इतकी घाबरलीस की मला रिक्षातून घरी आणताना माझा हात धरायच्या ऐवजी रिक्षावाल्याची सीट धरून बसलीस.

मग माधव नगरचे डॉक्टर झाले, इंदूर झालं. किडन्या बघितल्या, हृदय बघितलं, रक्त काढून काढून मला अजून पांढरा केला. काही सापडलं नाही. शेवटी इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तुला आणि आईला समोर बसवून सांगितलं की काही मुलांना असतं असं. मीठ कमी ठेवा, मैदानात खेळू द्या, वेळोवेळी दाखवत जा, आणि मोठा होताना वजन वाढू देऊ नका.

आता इथं आपण जी माती खाल्ली ती आपणच खाऊ जाणे. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतली मिठाची तेवढी तू पदराला बांधून आणलीस. वजनाची तिथंच टेबलावर सोडून आलीस. बसमध्ये तू आईला म्हणालीस, आणि मी मधे बसून ऐकलंय, "एवढ्या हडकुळ्या पोराला वजनाचं काय सांगतात? लिहून पाठ केलेलं असतं यांचं. सगळ्यांना तेच." आईला पटलं. मलाही पटलं. मला तर फार आवडलं.

घरातलं मीठ दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवर गेलं. आणि आपलं गाव कुठलं? जिथं चहाबरोबर शेव, भाताबरोबर शेव, सब्जी नसेल तर शेवेचीच सब्जी. तो सगळा माल मला बंद. तुला माझी इतकी दया आली की खारट जे जे काढलंस, त्याच्या जागी गोड ठेवत गेलीस. भाजीत मीठ नाही म्हणून गूळ. पोळीला मीठ नाही म्हणून साखरतूप. रविवारी सकाळी सगळे पोहे-जिलबी खायचे, तेव्हा तू माझ्या बशीतले पोहे काढून घ्यायचीस, कारण पोह्यांत मीठ. जिलबी राहू द्यायचीस, आणि पोह्यांच्या जागेवर आणखी दोन जिलब्या ठेवायचीस. "डॉक्टरांनी जिलबीचं नाव घेतलं होतं का?" असं तू तुझ्या भावाला, दत्तूकाकाला विचारलंस. गृहविज्ञानात सुवर्णपदक मिळवलेल्या बाईनं हे करावं! तुझ्या त्या तक्त्यात जिलबी कुठल्या खान्यात होती, हे विचारायचं राहूनच गेलं.

बाकी मजा होती. अख्ख्या गल्लीत प्रेशर असलेला मी एकटाच पोर. समोरच्या काकू मला थांबवून विचारायच्या, "इत्ते से बच्चे को कायका टेंशन है रे?" मी म्हणायचो, गणिताचं. आईनं हात उगारला की तू मधे पडायचीस, "वहिनी, मारू नका, त्याचं चढेल!" आणि आईचा हात हवेतच राहायचा. सगळ्या भावंडांनी मार खाल्ला, मी सोडून.

आणि मग तू नवस बोललीस. गल्लीतल्या गणपतीसमोर उभी राहून, मोठ्यानं, म्हणजे देवाला आणि पुजाऱ्याला एकदमच कळावं. अभयचं प्रेशर उतरलं की त्याची गूळतुला करीन, त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन, आणि ते होईपर्यंत मी मीठ खाणार नाही. शेवटचं वाक्य आईला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तू तुझी वेगळी वाटी काढलीस तेव्हा कळलं. आई म्हणाली, "अहो, किती दिवस?" तू म्हणालीस, "असे किती लागणारेत? पोराचं प्रेशर ते. उतरेल."

उतरलंही, हेच तर दुःख आहे. मी चौदाचा झालो आणि डॉक्टरांनी एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बघून सांगितलं की आता ठीक आहे. तू त्यांच्या दवाखान्यातच रडलीस. मंडीतल्या गुळवाल्याकडून मोठा ताजवा आणवलास, देवळाच्या मंडपात टांगलास, गुळाच्या ढेपी आणल्यास. घरी कैरीच्या लोणच्याची बरणी खास ठेवलेली. त्या उन्हाळ्यात तू ते घातलं होतंस, न चाखता, मीठ चिमटीत घेऊन नुसतं हाताला कळतं म्हणत. गूळतुला झाली की त्यातली पहिली फोड तू खाणार होतीस.

मी पारड्यात बसलो. दुसऱ्या पारड्यात ढेपी ठेवायला सुरुवात केली, आणि थोड्याशाच ढेपींत मी वर. अधांतरी. पाय हलवतोय. समोरच्या काकूंनी आदल्याच महिन्यात त्यांच्या गुबगुबीत नातवाची गूळतुला केली होती, तेव्हा गुळाचा डोंगर झाला होता म्हणे. त्या तिथंच उभ्या होत्या. त्या नुसत्या "हो गया?" म्हणाल्या. तुझे कान लाल झाले. तू गुळाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, गणपतीच्या पोटाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "एवढ्याशा गुळात देवाला काय तोंड दाखवू? उतर रे खाली. दिवाळीनंतर करू. थोडं अंग भरू दे."

पुजारी म्हणाले, "बहनजी, वजन जितना हो उतना, भगवान को चलता है." पण तुला चालत नव्हतं.

मग काय, दिवाळीपर्यंत तू जे मला भरलंस! शिरा, मालपुवे, मावाबाटी, रात्री झोपताना आटवलेलं दूध. गणपतीसमोर लाज राहावी म्हणून माझ्यावर मेहनत चालली होती. अंग भरलं. दिवाळीनंतर ताजव्याचं ठरवायच्या आधी डॉक्टरांना दाखवायला गेलो, तर त्यांनी पट्टा सोडला आणि विचारलं, "ये क्या कर दिया?" प्रेशर परत वर. बरणी परत फळीवर. तू घरी येऊन तुझी वेगळी वाटी काढलीस.

पुढची वीस-पंचवीस वर्षं माझं प्रेशर आणि माझं वजन हातात हात घालून फिरली. मी फ्रीगंजला चष्म्याचं दुकान टाकलं, म्हणजे दिवसभर बसून. लग्न झालं. मेधा पुण्याची, ती पहिल्या वर्षी तुझ्या "जास्ती" आणि "लग्गेच" वर हसायची आणि मग स्वतःच तसं बोलायला लागली. तिनं तुझी अळणी वाटी बघून विचारलं, आत्यांना पण बीपी आहे का? तेव्हा मी हसत सुटलो. तुझं प्रेशर! इतकी वर्षं मीठ सोडलेल्या बाईचं प्रेशर ते. दवाखान्यात तुझा आकडा बघून कंपाउंडर दुसऱ्या पेशंटना दाखवायचा. नवस माझ्यासाठी केलास आणि गुण तुला आला.

तिशीत मला प्रेशरची गोळी सुरू झाली. गोळीनं प्रेशर नॉर्मल आलं. मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो की झालं, नवस फेड, मीठ खा. तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "गोळीनं उतरलेलं आपलं नव्हे."

"अगं, नॉर्मल ते नॉर्मल."

"गोळी थांबवली की चढतं ना? मग उतरलं कुठं? दाबून ठेवलंय."

मी म्हणालो, "मग चष्मा लावून दिसतं ते दिसणं नव्हे का? माझ्या दुकानाला कुलूप लावू?"

तू नाकावरचा चष्मा काढलास, माझ्याच दुकानातला, फुकटातला, आणि भिंतीकडे बघून म्हणालीस, "हे बघ. काढला. काही दिसत नाही. देवाला मी डोळे मागितले असते आणि त्यानं चष्मा दिला असता, तर मी नवस फेडला असता का?"

यावर मी बरंच डोकं चालवलं. अजून चालवतोय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मनात तुला उत्तर देतो. परवा एक सुचलं होतं, फार चांगलं, आणि तुला सांगायला उठलोही होतो.

आणि गेली दोन-तीन वर्षं. नव्या डॉक्टरीण बाईंकडे तू माझ्याबरोबर आलीस तो दिवस. त्यांनी विचारलं, केव्हापासून आहे? मी म्हटलं, अकराव्या वर्षापासून. त्या सरसावून बसल्या. विचारलं, लहानपणी खाण्यापिण्याचं काही पथ्य? तू मोठ्या अभिमानानं सांगितलंस, "मीठ बंद. बाकी सगळं." त्या म्हणाल्या, "बाकी सगळं म्हणजे?" आणि तू सांगायला लागलीस. शिऱ्यापासून. मावाबाटीपर्यंत येता येता त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

त्या चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं की लहानपणी ज्यांचं प्रेशर जास्त असतं त्यांचं मोठेपणीही राहण्याची शक्यता बरीच असते, पण मोठेपणी वजन ताब्यात ठेवलं तर त्यातलं पुष्कळसं टळतं. आणि वजन वाढलं तर दोन्ही मिळून छळतात. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, उतरवा.

परत येताना ऑटोत तू बाहेर बघत होतीस. टॉवर चौकातला सिग्नल मागे पडला, आपली गल्ली आली, आणि तू म्हणालीस, "म्हणजे मीच की रे." ऑटोवाला सुट्ट्यांवरून वाद घालायला लागला, तू उतरून गेलीस, आणि मी तुला उत्तर दिलं नाही. नंतर तू विषय काढला नाहीस, मीही नाही. पण तेव्हापासून तू जेवताना माझ्याकडे न बघता जेवायला लागलीस.

ते उत्तर आज देतो. नाही आत्या, तू नाहीस. माझं प्रेशर तुझ्या शिऱ्याच्या आधीपासून होतं, शिबिरात बरगड्या दिसत होत्या तेव्हापासून. पुढं वजन वाढलं त्यात तू होतीस, हो, होतीस, खोटं कशाला बोलू? पण त्यात माझी जीभ होती, माझी दुकानातली खुर्ची होती, शाळेच्या फाटकावरचा कचोरीवाला होता. आणि सगळ्यात खरं सांगू का, माझ्या बशीतले पोहे काढून घेताना तुझा जो चेहरा व्हायचा, आणि जिलबी ठेवताना जो व्हायचा, ते दोन्ही मला आठवतात. इतकं लाडानं मला नंतर कुणी आजारी पाडलं नाही. मी हे त्याच दिवशी, ऑटोतून उतरायच्या आधी बोलायला हवं होतं गं.

तू मात्र बोलण्यात वेळ घालवला नाहीस. दुसऱ्याच दिवशी मला पहाटे उठवलंस आणि नदीवर, रामघाटावर नेलंस. तू छत्री घेऊन पायरीवर बसायचीस, सुपरवायझर. मी घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक फेरीला तोच एक पंडा मला अडवायचा, "भैया, तर्पण करवाना है?" महिनाभर रोज. शेवटी तू पायरीवरून ओरडलीस, "अरे पंडितजी, इसको चलने दो, नहीं तो इसी का करना पड़ेगा!" आजूबाजूचे यात्रेकरू दचकले. पंडा मात्र तेव्हापासून आपला झाला. मी सावकाश चालायला लागलो की तिकडून हाक यायची, "भैया, बुआजी देख रही हैं!"

घरात दुधी, पालक, मुगाची डाळ. जिलबी गल्लीतूनच हद्दपार. जिलबीवाल्यासमोरून जाताना तू पदर नाकाला लावायचीस, जशी काही तिथं गटार फुटलीय. दत्तूकाका म्हणाला, बेबीताई, रविवारी एखादी देत जा त्याला. तू म्हणालीस, "तू गप रे, तुझ्यामुळे मी तेव्हा ऐकलं नाही." काकानं तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं, हे तो आजही सगळ्यांना सांगत फिरतोय.

उतरलो मी. हळूहळू, पण उतरलो. डॉक्टरीण बाईंनी आधी गोळी अर्धी केली, मग लक्ष ठेवून बंद केली, मग दर पंधरवड्याला बघत राहिल्या. आणि अगदी अलीकडे, तू जायच्या आठवडाभर आधी, त्या म्हणाल्या, "बिना दवा के नॉर्मल है. दाखवत राहा, चालणं सोडू नका, पण नॉर्मल आहे." मी दुकान उघडलंच नाही. धावत घरी आलो. तू ओसरीत मटार सोलत होतीस. मी म्हणालो, "आत्या, गोळीशिवाय. आता बोल."

तू उठलीस, माझ्या जवळ आलीस, दोन्ही हातांनी माझे गाल धरलेस. मला वाटलं आता रडतेस. तू मला खालून वर पाहिलंस आणि म्हणालीस, "गळा बघ कसा झालाय. हा असा बसणार पारड्यात? लोक म्हणतील आत्यानं उपाशी मारलं. आठ दिवस थांब. थोडं अंग भरू दे."

मी असा ओरडलो की समोरच्या काकू बाहेर आल्या. आई हसायला लागली. मेधा हसून हसून खाली बसली. तू सुद्धा हसलीस, पण हट्ट सोडला नाहीस. आठवडाभर रोज तेच. मी म्हणायचो या चतुर्थीला, तू म्हणायचीस पुढच्या. शेवटच्या सकाळी तू "संध्याकाळी बोलू" म्हणालीस ते यावरच. आणि दुपारी अळणी वरणभात खाऊन पाठ टेकायला गेलीस.

म्हणजे बघ, पस्तीस वर्षं मीठ न खाता थांबलीस, आणि शेवटचा आठवडा माझा गळा बारीक दिसतो म्हणून घालवलास. मला राग आलाय तुझा. हसू पण येतं आणि मग लगेच राग येतो. दहा दिवस तुझ्या नावानं जे पान वाढलं, तेही अळणीच वाढलं आईनं. दत्तूकाका म्हणाला, नवस फिटला नाही तर मीठ कसं वाढायचं? आई रोज ते पान ठेवून आत आली की वरच्या, मिठाच्या फळीकडे बघायची. मला एवढंच दिसत होतं की काल चौदाव्याचं गोडजेवण, त्याच्या आत ही गूळतुला झाली पाहिजे. नाहीतर तू इथून जन्माची अळणी जाणार.

म्हणून काल सकाळी देवळात ताजवा टांगला. गुळवाल्याचा मुलगा आता दुकान बघतो, त्यानं दवाखान्यातल्या माझ्या शेवटच्या वजनाप्रमाणे ढेपी मोजून पाठवल्या होत्या. माझ्या अंगानं चांगला ढीग झाला होता, तुला आवडला असता. मी बसलो. पुजाऱ्यांनी, त्या वेळच्या पुजाऱ्यांचे चिरंजीव हे, ढेपी ठेवल्या, आणि गूळ जरासाच जास्त, पण मी पुन्हा वर. तसाच अधांतरी, फक्त आता गुडघे दुखतात. या दिवसांत जेवण गेलं नव्हतं गं, मला ते कळलंच नाही.

पुजारी म्हणाले, "भैया, थोड़ा गुड़ उतार लेते हैं." काकानं हात पुढे केला. मी म्हणालो, खबरदार. एकदा तुझ्या समोर गूळ कमी पडला होता, त्याचं केवढं झालं. आता देवासमोर ठेवलेला काढायचा? मग करायचं काय, कुणालाच सुचेना. मी वर लटकलोय आणि माणसं जमताहेत.

मेधा म्हणाली, "आत्या असत्या तर गूळ काढला नसता. तुम्हाला खायला घातलं असतं."

आणि ती चप्पल न घालताच कोपऱ्यावर गेली. पोहे आणले, वर शेव टाकून, आणि कागदात गरम जिलब्या. मी पारड्यात बसून खायला लागलो. पुजारी म्हणाले, हातात धरलं तरी वजन तेवढंच होतं, खायची गरज नाही. मी म्हटलं, पंडितजी, तुम्ही आमच्या आत्याला ओळखत नाही. खाल्ले. पोहे तोंडात गेले आणि मला मीठ लागलं, आणि मी त्या पारड्यात, सगळ्या गल्लीसमोर, जिलबी हातात धरून ढसाढसा रडलो. समोरच्या काकू, आता काठी टेकत येतात त्या, म्हणाल्या, "रो मत बेटा, खा ले." मेधाच्या हातातल्या कागदातली शेवटची जिलबी उचलली तेव्हा माझं पारडं खाली येऊन गुळाच्या बरोबरीला थांबलं. "हो गया," काकू म्हणाल्या. या वेळी त्यांचा सूर वेगळा होता.

घरी आलो. पानं मांडली. तुझं पान पहिलं. आई मिठाचा सट घेऊन आली तेव्हा काका म्हणाला, "वहिनी, नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत." आई म्हणाली, "हे नैवेद्याचं नाही. हे बेबीताईंचं पान आहे." आणि तिनं मीठ वाढलं. शेजारी लोणच्याची फोड ठेवली, गेल्या उन्हाळ्यात तू घातलेल्या बरणीतली.

वरण मी केलं होतं, आत्या. मीठ चिमटीत घेतलं आणि न चाखता घातलं, हाताला कळतं म्हणून. मला काही कळलं नाही. कमी पडलं असेल तर लोणचं लावून खा.